शेवटचा ओरखडा

एकदा एक होडी एकटीच घरी आली.

वारा पडलेला होता. शीड ओल्या वस्त्रासारखे डोलकाठीला लोंबत होते. भरतीच्या पाण्याने ती होडी, गोठ्याची वाट ठाऊक असलेल्या जनावरासारखी, खाडीच्या मुखातून आत आणली आणि किनाऱ्याच्या चिखलात अलगद टेकवली. होडीत गोड्या पाण्याची पिंपे जशीच्या तशी भरलेली होती. फडक्यात बांधलेली भाकरी होती. सुकाणूजवळ वहाणा शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. काहीही हरवले नव्हते. होडी हाकणारा हरबा तेवढा नव्हता.

हरबाचा देह दुसऱ्या दिवशी तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला. लोकांनी तो पालथा होता तो उताणा केला आणि त्याच्या बोटांची नखे तुटलेली पाहिली. मग होडी वाळूवर ओढली गेली. तेव्हा सुकाणूजवळ, डाव्या कुशीवर, कडेच्या खाली, माशाचे तेल पिऊन गुळगुळीत झालेल्या फळ्यांवर नखांचे ओरखडे दिसले. वरचे खोल होते. खालचे उथळ होते.

त्यावरून जे कळायचे ते सर्वांना कळले. त्या दिवशी वारा नव्हता; म्हणजे होडी हरबाला टाकून पुढे गेली नव्हती. एकाच प्रवाहाने दोघांना सारख्याच गतीने वाहून नेले होते. पाय घसरून असो, पिंप आवळताना तोल जाऊन असो, हरबा पाण्यात पडला, आणि नंतर बराच काळ आपल्या होडीच्या शेजारीच होता. हाताच्या अंतरावर होता. त्याला वर चढता आले नाही. हरबा उत्तम पोहणारा होता. ज्याला पोहता येत नाही, त्याची सुटका लवकर होते.

त्या किनाऱ्यावर मात्र असे कोणी बोलून दाखवत नसे. तेथे होड्या बांधण्याच्या आवारात 'बुडणे' हा शब्द वर्ज्य होता. सूर्यदेखील तेथे मावळायचा, बुडायचा नाही. माणूस गेला तर 'दर्याने नेला' म्हणायचे आणि विषय बदलायचा. दुसरी रीत अशी होती, की नवी अथवा डागडुजी केलेली होडी पुजून तिच्यापुढे नारळ फुटेपर्यंत तिच्यावरून कोणी पाण्यात उतरायचे नाही. तसे करणे म्हणजे दर्याला चव दाखवणे. शब्द टाळला की वस्तू टळते, हा मनुष्याचा फार जुना भ्रम आहे, आणि तो अडाण्यांपुरताच आहे असे समजण्याचे कारण नाही.

या आवाराचा स्वामी एक वृद्ध नौकाशिल्पी होता. लोक त्याला आबा म्हणत. त्याच्याजवळ एक शिष्य होता. अनेक वर्षे तो आबांच्या हाताखाली तासणे, वाकवणे, सांधणे शिकला होता, आणि त्याच्या हाताला अशी सफाई आली होती की त्याने जोडलेल्या दोन फळ्यांमधली रेघ बोटाला लागत नसे. परंतु आबांनी अजून एकही काम संपूर्णपणे त्याच्यावर सोडले नव्हते. ज्या दिवशी ते सोडतील, त्या दिवसापासून तो स्वतःच्या नावाने होड्या बांधील, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होते.

हरबाचे वर्षश्राद्ध झाल्यावर एक मिठाचा व्यापारी आबांकडे आला. खाडीच्या मुखाबाहेर एक खडकाळ बेट होते. तेथे त्याची मिठागरे होती. बेटावर गोडे पाणी नव्हते. मिठागरात राबणारी माणसे आणि त्यांची पोरेबाळे होडीतून येईल ते पाणी पीत. हरबा तेच पाणी नेई. होडी लहान होती. पिंपे ठेवल्यावर तिच्यात एकाच माणसाला जागा उरे, म्हणून तो एकटा जाई.

व्यापाऱ्यामागून हरबाची विधवा पत्नी आली होती, आणि तिच्यामागून तिचा तरुण मुलगा म्हादू.

"आबा, होडी धुऊन-पुसून, तेल लावून द्या," व्यापारी म्हणाला. "बेटावर माणसं पाण्याच्या घोटाला महाग झालीत. मोठा मचवा जातो, पण ओहोटीला तो बेटाला लागत नाही. म्हादू जायला तयार आहे."

"म्हादू तयार आहे," विधवा म्हणाली. "मी नाही. आधी होडीला शिडी लावा. पडलेल्या माणसाला वर येता आलं पाहिजे. मग तो जाईल."

"लावा हो, शिडी लावा एक," व्यापारी म्हणाला. "हिच्या मनाचं समाधान."

"शेठ, समाधानासाठी हवी असेल तर एक शिडी माझ्या घराच्या भिंतीला टेकून उभी आहे," आबा म्हणाले. "ती घेऊन जा."

व्यापारी कसनुसा हसला. विधवा त्याच्याकडे वळून म्हणाली, "नाहीतर दोघांना पाठवा. एक पडला तर दुसरा हात देईल."

"दुसरा माणूस बसला की दोन पिंपं उतरली. मग बेटावरच्यांनी काय करायचं? त्या दुसऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघून तहान भागवायची?"

तो निर्दय नव्हता. त्याचे म्हणणे खरेच होते. बेटावरची तहान खरी होती आणि होडीचा आकारही खरा होता. अशा दोन खऱ्या गोष्टींच्या मधल्या फटीतच माणसे मरतात.

"आई, मी पिंपं बसूनच आवळीन," म्हादू म्हणाला. "उभाच राहणार नाही, मग पडेन कसा?"

कोणी हसले नाही. तो स्वतःही हसला नाही.

आबांनी शिष्याला बोलावले. "ही शिडी तुझी. जागा तू ठरव, माप तू घे, लाकूड तू निवड. मी हात लावणार नाही."

शिष्याने मान लववली. त्याच्या मनात त्या क्षणी शिडी नव्हती. आपला दिवस आला, एवढेच होते. यात त्याला दोष देता येत नाही. आपण सर्वच दुसऱ्याचे संकट प्रथम आपल्या कसोटीच्या रूपाने पाहतो.

काम त्याने मन लावून आरंभिले. प्रथम त्याने रंधा उचलला आणि डाव्या कुशीवरचे ते ओरखडे तासून काढावयास तो वाकला. आबा दूर बसून दोर वळत होते. ते उठले, जवळ आले, आणि त्यांनी रंध्यावर आपला तळवा ठेवला.

"राहू देत."

"आबा, फळी जाड आहे. थोडं तासलं तर काही बिघडणार नाही."

"राहू देत त्या खुणा."

"त्या बाईला त्या दिसतील. मुलालाही दिसतील. रोज त्यांच्याशेजारी बसून तो सुकाणू धरणार."

"दिसू देत. त्या त्यांच्यासाठी नाहीत."

"मग कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," आबा म्हणाले, आणि परत जाऊन दोर वळू लागले.

शिष्याला हे कोड्यासारखे वाटले. गुरू आपल्याला शोकाचा आदर करावयास शिकवीत आहेत, असा अर्थ त्याने लावला. त्या अर्थाला अनुसरून त्याने शिडीची जागा त्या अशुभ खुणांपासून जितकी दूर नेता येईल तितकी नेली. होडीच्या उजव्या अंगाला, मध्यभागी, जेथे कड उंच आणि आतला आधार भक्कम होता, तेथे त्याने ती बसवली. जुना साग निवडला. पायऱ्यांच्या कडा गोल केल्या, म्हणजे पायाला रुतणार नाहीत. पितळी बिजागऱ्या लावल्या. शिडी उलटून होडीच्या आत निजवता येई आणि काम पडेल तेव्हा बाहेर सोडता येई. प्रवासात ती लाटांनी खडखडू नये म्हणून त्याने तिला आतून दोराने आवळले, आणि त्या दोराला अशी गाठ मारली की पाहणाऱ्याने पाहत राहावे.

होडी टेकूंवर उभी होती. त्याने शिडी खाली सोडली, वाळूवर उभा राहिला, चढला. उतरला, पुन्हा चढला. शिडी तसूभर हलली नाही.

पूजेच्या आदल्या दिवशी विधवा शिडी पाहावयास आली. तीही वाळूवरून होडीत चढली. वर उभी राहून तिने शिष्याला विचारले, "ही माझ्या म्हादूला वर आणील?"

"आणील की," तो म्हणाला. "दोन माणसं एकदम चढली तरी कुरकुरणार नाही."

तिने आबांकडे पाहिले. "आबा?"

"शिडी देखणी आहे," आबा म्हणाले. "बाकीचं उद्या सांगतो."

"उद्या तर नारळ फुटायचा," व्यापारी म्हणाला. "सांगायचं काय राहिलंय आता?"

आबा दोर गुंडाळू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर ताट मांडले गेले. हळदकुंकू होते, फुले होती, नारळ होता. भटजी सोवळे नेसून आले होते. व्यापारी होता, विधवा होती, आणि आजच पहिली खेप न्यावयाची म्हणून म्हादू तयार होऊन आला होता. होडीत पिंपेही भरून ठेवली होती; शेवटची दोन तेवढी अजून काठावर होती. इतक्यात आबा शिष्याला म्हणाले, "होडी पाण्यात घे. तू आणि मी."

"आबा, नारळ व्हायचा आहे," भटजी म्हणाले.

"होऊ दे की. आम्ही येतोच."

"पूजेआधी होडी पाण्यात?" व्यापाऱ्याचा आवाज चढला. "म्हातारपणी हे काय सुचतंय तुम्हाला?"

आबा होडीत जाऊन बसलेही होते. शिष्याने मान खाली घालून होडी ढकलली. खाडीच्या मध्यावर, जेथे पाणी खोल आणि संथ होते, तेथे आबांनी शीड उतरवले. होडी प्रवाहाबरोबर हळूहळू सरकू लागली.

"उतर," आबा म्हणाले.

"कुठे?"

"पाण्यात."

शिष्याने त्यांच्याकडे पाहिले. अंगात बंडी होती, कमरेला धोतर, डोक्याला मुंडासे. तो पूजेसाठी नेसून आला होता. "आबा, नारळ फुटलेला नाही."

"हरबाच्या होडीपुढे फुटला होता," आबा म्हणाले. "उतर. कपडे काढू नकोस. त्याने काढले नव्हते."

शिष्य उतरला. पाणी गार होते. त्याने डोके वर काढले, तोंडावरचे पाणी पुसले, आणि गुरूंनी घेतलेल्या परीक्षेत हसतमुख राहावे म्हणून हसून म्हणाला, "हं, आबा. सोडा शिडी."

आबा उठले. होडीच्या पुढच्या टोकाला गेले, त्याच्याकडे पाठ करून बसले आणि त्यांनी खांद्यावरची घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

"आबा, शिडी सोडा."

घोंगडी हलली नाही.

त्याला वाटले, म्हाताऱ्याला ऐकू गेले नसेल. तो पुढच्या टोकापर्यंत पोहत गेला आणि मोठ्याने हाक मारली. मग वाटले, ही थट्टा आहे. "पुरे, आबा," तो म्हणाला. मग त्याला राग आला आणि तो शिडीकडे वळला. उजव्या अंगाला, उंच कडेवर, त्याच्या पितळी बिजागऱ्या उन्हात चमकत होत्या. शिडी आत, पिंपांच्या बाजूला, नीट निजलेली होती. तिच्या दोराचे टोकही आत होते. त्याने पाण्यात उसळी घेतली. हात कडेच्या पुष्कळ खाली फळीवर आपटला आणि घसरला. पुन्हा उसळी घेतली. धोतर पायांना गुंडाळले होते. बंडी ओझ्यासारखी ओढत होती. फळ्यांना त्याने स्वतःच चार दिवसांपूर्वी तेल लावले होते, आणि ते चांगले लावले होते.

मग विचार न करताच त्याचे शरीर होडीच्या मागच्या बाजूला गेले. सुकाणूजवळ, डाव्या कुशीला, कड सर्वांत बुटकी होती. पाण्यातल्या माणसाला ते सांगावे लागत नाही. त्याने उसळी घेतली, बोटे फळीवर रोवली, आणि त्याची नखे एका खाचेत बसली.

ती खाच आधीच तेथे होती.

तो घसरला. पुन्हा वर आला. या वेळी हात पहिल्याइतका उंच गेला नाही. तेथेही त्याच्या आधी कोणी येऊन गेले होते. तिसऱ्यांदा हात आणखी खाली आला. तेथेही. एका मृत माणसाने आखलेल्या पायऱ्यांवरून तो एक एक पायरी खाली उतरत होता. तोंडात खारे पाणी गेले. किनाऱ्यावरची माणसे लहान आणि स्वच्छ दिसत होती. ताटातले तांबडे फूलही दिसत होते. तेव्हा त्या आवारात आजवर कोणीच न उच्चारलेला शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला.

"आबा, मी बुडतोय."

घोंगडी खाली पडली. आबा उठून शिडीपाशी आले. गाठ देखणी होती. पिंपांतून सांडलेल्या पाण्याने भिजून ती घट्टही झाली होती. म्हाताऱ्या बोटांना ती सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ शिष्य पाण्यात होता. शिडी खाली आली. तो कसाबसा होडीला वळसा घालून तिच्यापाशी पोहोचला आणि त्याने दोन्ही हातांनी पायरी धरली. शेवटची पायरी पाण्याला जेमतेम टेकत होती. पाय ठेवायला खाली काहीच नव्हते. पाय होडीच्या पोटाखाली गेले आणि शरीर आडवे झाले. वाळूवर ज्या शिडीवरून तो हसत चढला होता, तिला आता तो नुसता लोंबकळत होता. शेवटी आबांनी दोराचा फास करून पाण्यात सोडला. त्याने त्यात पाय अडकवला आणि आबांनी त्याला बंडीला धरून, पोत्यासारखे, कडेवरून आत ओढले.

तो पिंपांमध्ये पडून ओकत राहिला. आबा धापा टाकत शेजारी बसले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तुम्ही होडीत होतात, आबा."

"मी होडीत नव्हतो," आबा म्हणाले. "हरबाच्या होडीत कोण होतं? तू मला शिडी सोडायला सांगत होतास. त्याने कुणाला सांगायचं होतं?"

शिष्याने बाहेर लोंबणाऱ्या शिडीकडे पाहिले.

"तू होडीत उभा राहून शिडी बांधलीस आणि वाळूवर उभा राहून ती जोखलीस. या दोन्ही ठिकाणच्या माणसाला शिडी लागत नाही. जो पाण्यात आहे त्याचा हात किती पोचतो, कुठे पोचतो, आणि दमल्यावर किती खाली येतो, हे तुला कोरड्या जागी कसं कळणार? ते एकालाच ठाऊक होतं. तो सांगायला परत आला नाही, पण त्याने मोजून ठेवलं होतं. मोजायला त्याच्याजवळ नखांवाचून दुसरं काही नव्हतं." आबांनी ओरखड्यांच्या बाजूला बोट केले. "ते माप तू रंध्याने पुसायला निघाला होतास. दयेपोटी."

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा व्यापारी संतापून काठावर येरझारा घालत होता. पूजेआधी पाण्यात उतरणे, वर तो शब्द, तोही भटजींच्या कानांवर. "होडीला दोष लावलात तुम्ही," तो म्हणाला. "आता हिच्यावर पाऊल कोण ठेवील?"

"आज कुणी ठेवायचं नाहीच," आबा म्हणाले. "शिडी झालेली नाही."

"काल तर देखणी होती."

"देखणी आजही आहे."

विधवा पुढे आली. पाण्यावरून आवाज लांब जातो. तिने सर्व ऐकले होते. शिष्य तिच्यासमोर ओल्या कपड्यांनी उभा होता. त्याच्या बोटांच्या टोकांना रक्त होते. तिने ती बोटे पाहिली आणि नजर वळवली नाही.

"असाच ओरडला असेल तो," ती म्हणाली. "आणि मी घरी तांदूळ निवडत होते."

मग ती व्यापाऱ्याला म्हणाली, "म्हादू आज जाणार नाही, शेठ. मचव्याने धाडा पाणी, लागेल तिथवर. तिथून लोक खांद्यावरून नेतील."

शिष्याने शिडी उतरवली. या वेळी त्याने रंध्याला हात लावला नाही. तो होडीच्या डाव्या कुशीपाशी बसला आणि एक एक ओरखडा बोटाने चाचपू लागला, जसे आंधळा मनुष्य एखाद्याचा चेहरा चाचपतो. शिडी त्याने मागे, बुटक्या कडेला आणली. ती लांब केली, इतकी की पायऱ्या पाण्याखाली चांगल्या खोल जाव्यात आणि वाकलेला गुडघाही पहिली पायरी शोधू शकावा. लाकूड पाण्यात वर उचलले जाते, हे त्याला आता आठवले. तळाच्या पायरीला त्याने शिसे ठोकले.

व्यापारी मधून मधून येऊन पाही. "पाण्याखाली पायऱ्या कशाला?" तो एकदा म्हणाला. "खाली काय माडी बांधली आहे कुणी?"

"तिथून माणूस यायचा आहे, शेठ," शिष्य म्हणाला.

व्यापाऱ्याने वाकून ओरखड्यांकडे पाहिले, आणि नंतर तो तेथे येईनासा झाला.

गाठ शिष्याने काढून टाकली. तिच्या जागी एक लाकडी खुंटी बसवली. शिडी वर उलटली की बाहेरच्या अंगाला किंचित कलून या एका खुंटीवर अडकून राही, आणि खुंटी ओढली की स्वतःच्या भाराने पाण्यात पडे. खुंटीला दोरी बांधून तिचे टोक होडीबाहेर सोडले, आणि त्या टोकाला मुठीत मावेल अशी गोटी ओवली. आता फक्त दोरीची लांबी ठरवायची राहिली होती. गोटी त्याने प्रथम सर्वांत वरच्या, खोल ओरखड्यापाशी धरली. तेथे हात सहज पोहोचतो. पहिल्या उसळीत तर पोहोचतोच. तो तशीच गोटी धरून थोडा वेळ बसला. मग त्याने दोरी सैल सोडली. गोटी खाली खाली आणली, आणि अगदी शेवटच्या ओरखड्यापाशी, जो इतका उथळ होता की तिरप्या उन्हातच दिसावा, तेथे थांबवली.

आबा मागे उभे होते. त्यांनी पाहिले आणि ते काही न बोलता निघून गेले. शिष्याला आपल्या नावाने होड्या बांधण्याची अनुज्ञा मिळाली ती त्या वेळी. त्याला मात्र ते पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले, कारण त्या वेळी तो त्या गोष्टीचा विचार करीत नव्हता.

पुन्हा पूजेचा दिवस ठरला. त्या सकाळी शिष्य कोणाला न विचारता होडी घेऊन एकटाच खाडीच्या मध्यावर गेला. कपड्यांसह उतरला. हात जड होईपर्यंत होडीभोवती पोहत राहिला. मग मागच्या बाजूस आला आणि उसळी न घेता, जेवढा उचलवेल तेवढाच हात उचलून त्याने गोटी धरली. खुंटी निघाली. शिडी पडली. तो वर आला आणि होडीत बसून राहिला. किनाऱ्यावर विधवा उभी होती. ती पाहत होती.

तो परतला तोवर आबा, म्हादू आणि भटजीही तेथे आले होते. तिने तोच प्रश्न विचारला. "ही माझ्या म्हादूला वर आणील?"

"मी वर आलो," तो म्हणाला. "ओल्या कपड्यांनी, दमल्यावर, होडीत कुणी नसताना. एवढंच सांगू शकतो. शुद्ध हरपली, किंवा वारा असला आणि होडी पुढे निघून गेली, तर शिडी काही करू शकणार नाही."

"त्या दिवशी 'आणील की' म्हणाला होतास."

"हो."

ती वाकली. तिने गोटी बाजूला केली आणि तिच्यामागच्या ओरखड्यावर तळहात ठेवला. "हा शेवटचा?"

"हो."

"ही असती तर तो आला असता का?"

शिष्याने आबांकडे पाहिले. अशा वेळी माणसे म्हणतात की आयुष्य तेवढेच होते, की दर्यापुढे कोणाचे चालते. भटजींच्या ओठांवर तसे काही आलेही होते. आबा म्हणाले, "आला असता."

विधवेने मान हलवली. बराच वेळ तिने तो हात तेथून काढला नाही. मग उठून ती म्हादूला म्हणाली, "उतर पाण्यात. आधी तू चढून दाखव मला. खाडीच्या मधोमध जा, शीड उतरव आणि मग उतर. कुणी त्याच्याबरोबर जायचं नाही."

"आणि नारळ?" भटजींनी विचारले.

"नारळ नंतर," ती म्हणाली.

तेव्हापासून त्या किनाऱ्यावर ही रीत पडली. होडी बांधणारा आधी पाण्यात उतरतो, त्या वेळी होडीत कोणी थांबत नाही, आणि नारळ नंतर फुटतो. म्हादू पाणी नेत राहिला. बेटावरची तहान भागत राहिली. दुसऱ्या माणसाला जागा त्या होडीत अखेरपर्यंत झाली नाही. सुकाणूजवळच्या फळ्यांना दर वर्षी तेल लागे, पण त्यांवरून रंधा कधी फिरला नाही.

आपणही आपल्या माणसांसाठी शिड्या बांधून ठेवलेल्या असतात, आणि त्या भक्कमही असतात. त्यांची दोरी आपण कोणत्या बाजूला बांधली आहे, हे मात्र एकदा पाण्यात उतरून पाहावे.